जातिवंत कोणाला म्हणावे? : कुत्र्याचा स्वभाव आणि माणसाची निवड



या व्यासपीठावरून इतिहास, वाङ्मय, अर्थकारण, अध्यात्म अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या पंगतीत आज आम्ही कुत्र्याला आणून बसवीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण कुत्रे आपल्या पंगतीला नवे नाही. महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाने स्वर्ग नाकारण्याची तयारी दाखविली ती एका कुत्र्यासाठी. दत्तगुरूंच्या पायांशी चार कुत्रे आपण रोज पाहतो. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रे धावत असते. आणि तरीही एखाद्याची दुर्दशा सांगावयाची झाली, की 'त्याचे हाल कुत्रे खाणार नाही' असे आपणच म्हणतो. ज्या प्राण्याला आपण एकाच वेळी देवाच्या पायांशी बसवितो आणि उकिरड्यावर हाकलतो, त्याच्याविषयी आपले विचार फारसे नीटनेटके नसावेत, असा संशय घेण्यास जागा आहे.

हा गोंधळ नुसता भाषेचा असता तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. पण शेजारच्या घरातील कुत्रे एखाद्या लेकराच्या तोंडाला चावते, टाके पडतात, पोलिसांत तक्रार जाते, आणि मग साऱ्या आळीत एकच वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, 'ती जातच तसली.' दुसरा म्हणतो, 'जात काय करील? मालकाने बिघडविले.' तिसरा म्हणतो, 'अहो, कुत्रे ते कुत्रेच, आज ना उद्या चावावयाचेच.' तिघेही तावातावाने बोलतात आणि तिघांच्याही बोलण्यात थोडेथोडे तथ्य असते. पण या वादात एका माणसाचे नाव कोणीच घेत नाही. त्या कुत्र्याचे आईबाप कोणी निवडले? कोणता नर आणि कोणती कुत्री एकत्र आणावयाची हे ज्याने ठरविले, तो माणूस कोठे आहे? आणि त्याच्याकडून पैसे मोजून पिल्लू घेणारा, म्हणजे तुम्ही आम्ही, कोठे आहोत? आजचे आमचे सारे बोलणे या दोन प्रश्नांभोवती आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. स्वभाव बदलत नाही असे तिचे तात्पर्य. एका कुत्र्यापुरते, एका आयुष्यापुरते ते बव्हंशी खरेही आहे. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा विचार केला तर? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा फार मोठा प्रयत्न रशियात झाला. दिमित्री बेल्यायेव्ह या शास्त्रज्ञाने १९५९ साली सैबेरियातील नोवोसिबिर्स्क येथे रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग आरंभिला. ल्युडमिला त्रूट या बाई त्यांच्या सहकारी होत्या. लोकरीसाठी पाळलेल्या कोल्ह्यांतून ३० नर आणि १०० माद्या निवडण्यात आल्या. कसोटी एकच. माणूस पिंजऱ्याजवळ गेला, हात पुढे केला, की हा प्राणी काय करतो? गुरगुरतो, दडतो, की जवळ येतो? जे सर्वांत कमी बिचकतील त्यांचीच पुढे पैदास करावयाची. नरांपैकी शेकडा चार-पाच आणि माद्यांपैकी शेकडा वीस, एवढ्यांनाच ही संधी मिळे. या कोल्ह्यांना माणसाळविण्याचे कसलेही शिक्षण दिले नाही, हे ध्यानात ठेवावे. फक्त आईबाप निवडले.

सहाव्या पिढीपर्यंत अशी पिल्ले दिसू लागली की, माणूस दिसताच ती शेपूट हलवीत, कुईंकुईं करीत आणि हात चाटू पाहत. दहाव्या पिढीत अशांचे प्रमाण शेकडा १८ झाले, विसाव्या पिढीत शेकडा ३५. पुढे उलट दिशेनेही निवड करण्यात आली. सर्वांत चवताळणाऱ्या कोल्ह्यांचीच जोड जमविली, आणि माणूस दिसताच पिंजऱ्याच्या जाळीवर झेप घेणारे कोल्हे निपजले. मग कोणी शंका काढली, की पिल्ले आईचे पाहून शिकत असतील. म्हणून चवताळणाऱ्या मादीची पिल्ले जन्मतःच गरीब मादीच्या कुशीत दिली. एवढेच नव्हे, तर गर्भ एका मादीच्या उदरातून दुसरीच्या उदरात ठेवून पाहिले. दूध पाजणारी आई बदलली, गर्भ वाढविणारी आईही बदलली, तरी पिल्लाचा कल राहिला तो जन्मदात्यांचाच.

या गरीब झालेल्या कोल्ह्यांपैकी काहींची शेपटे वर वळली, काहींच्या अंगावर पांढरे ठिपके आले. माणसाळण्याबरोबर शरीरही बदलते असा पुष्कळ गाजावाजा त्यामुळे झाला. परंतु २०१९ साली काही संशोधकांनी दाखवून दिले की, या कोल्ह्यांचे पूर्वज कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या कोल्हेपाळांतून आलेले होते, तेथे त्यांची निवड आधीच होत होती, आणि यांपैकी काही खुणा प्रयोगापूर्वीच्या आहेत. तेव्हा शेपटाविषयी फार छाती काढून बोलू नये. स्वभावाविषयीचा निष्कर्ष मात्र उभा आहे. धीटपणा, भित्रेपणा आणि चवताळण्याचा कल हे काही अंशी रक्तातून उतरतात, आणि निवड करणारा माणूस ते थोड्याच पिढ्यांत वाढवू शकतो किंवा कमी करू शकतो.

आता कोणी म्हणेल, 'झाले तर मग! रक्तातच सगळे आहे, मालकाचा काय दोष?' थोडे थांबावे. नोवोसिबिर्स्कची ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी अमेरिकेतील मेन प्रांतातल्या बार हार्बर या गावी सापडते. तेथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी बासेन्जी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंड शीपडॉग आणि फॉक्स टेरियर या पाच जातींची पिल्ले वर्षानुवर्षे एकसारख्या परिस्थितीत वाढवून पाहिली, आणि १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जातीजातींत फरक होताच. पाच आठवड्यांचे बासेन्जीचे पिल्लू माणूस दिसताच पळे, धरू गेल्यास चावावयास येई. कॉकरचे पिल्लू निवांत असे. पण तेच बासेन्जीचे पिल्लू रोज हाताळले, की थोड्या दिवसांतच निवळत असे.

याच प्रयोगशाळेत १९६१ साली आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. काही पिल्ले उंच कुंपणाच्या आवारात, माणसाचे दर्शन जवळजवळ होऊ न देता वाढविली. काहींना मधल्या एखाद्या आठवड्यात माणसांत आणले. काहींना चौदा आठवडे होईपर्यंत आणलेच नाही. ही शेवटची पिल्ले रानटी जनावरासारखी झाली आणि पुढे किती लाड केले तरी माणसाजवळ मोकळी होईनात. ती बीगल आणि कॉकरसारख्या गरीब जातींचीच होती, हे विशेष. तात्पर्य असे की, जन्मापासूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाची एक खिडकी उघडी असते. त्या काळात जे जे दिसते, ऐकू येते, हाताला लागते, ते पुढे आपलेसे वाटते. खिडकी मिटल्यावर येणारे सारे परके. शेतकऱ्याला हे सांगावयास नको. बियाणे अस्सल असले तरी पेरणीची वेळ टळली की पीक हातचे जाते, आणि वेळेवर पेरले तरी किडके बी उगवत नाही. 'बी की मशागत' हा वादच मुळात फोल आहे.

येथे आणखी एका शब्दाची फोड करणे अवश्य आहे. 'चावरे कुत्रे' असे आपण सरसकट म्हणतो, पण चावण्याची कारणे एक नव्हेत. एक कुत्रे भीतीने चावते, आणि घरातील चाव्यांमध्ये भीतीचा वाटा मोठा असतो. दुसरे आपल्या ताटलीवर कोणी हात घातला म्हणून चावते. नुकती व्यालेली कुत्री पिल्लांजवळ येणाऱ्यावर धावते. कोणाचा कान दुखत असतो, कोणाच्या खुब्याचा सांधा आखडलेला असतो, आणि तेथे हात लागताच ते उलटते. धावत्या सशामागे किंवा सायकलमागे लागणे हा तर रागाचा प्रकारच नव्हे, तो शिकारीचा आहे. एरवी शांत असलेले कुत्रे अचानक चावू लागले, तर आधी जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे, मग शिक्षा करणाऱ्याकडे. वंशाने उतरतो तो चावा नव्हे. उतरतो तो उंबरठा. एका कुत्र्याचा संयम दहा गोष्टी सोसल्यावर सुटतो, दुसऱ्याचा दोन गोष्टींतच. हा उंबरठा आईबाप ठरवितात, बालपण तो वरखाली करते, आणि तो ओलांडावयास लावणारे प्रसंग बहुधा आपण निर्माण करतो.

आता मुख्य शब्दाकडे वळू. तो शब्द 'जातिवंत'. जातिवंत घोडा, जातिवंत गाय, जातिवंत कुत्रे असे आपण कौतुकाने म्हणतो. कुत्र्याच्या बाजारात या शब्दाचा अर्थ 'कागद असलेले' एवढाच उरला आहे. वंशावळीचा कागद असला, कान आणि शेपूट नमुन्याबरहुकूम असले, की किंमत चढली. पण त्या कागदावर आजोबांचे नाव असते, आजोबांचा स्वभाव नसतो. पदके लिहिलेली असतात, चावे लिहिलेले नसतात.

मग नुसत्या जातीवरून स्वभाव किती ओळखता येतो? २०२२ साली अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा करण्यात आली आणि त्यांपैकी सुमारे दोन हजारांच्या रक्तवंशाची तपासणीही झाली. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जे फरक दिसतात, त्यांपैकी जातीने उलगडतात ते सरासरी शेकडा ९ एवढेच, असे आढळले. आज्ञा ऐकण्याच्या बाबतीत जातीवरून काही अंदाज बांधता येतो. पण एखादे कुत्रे किती चटकन बिथरेल, हे जातीचे नाव ऐकून जवळजवळ सांगता येत नाही.

याचा अर्थ वंशाचा काही संबंध नाही असा कोणी घेऊ नये. संबंध आहे, पण तो जातीच्या नावाशी कमी आणि प्रत्यक्ष घराण्याशी अधिक आहे. इंग्लंडमध्ये १९९६ साली कॉकर स्पॅनियलविषयी एक पाहणी प्रसिद्ध झाली. घरोघरी लाडका असलेला हा लहानखुरा कुत्रा. पण एकरंगी कॉकर हे दुरंग्यांपेक्षा अधिक तापट, आणि एकरंग्यांतही सोनेरी-तांबूस हे काळ्यांपेक्षा अधिक तापट, असे तीत दिसले. रंग काही चावत नाही. परंतु पैदास करणारे रंगारंगाची घराणी वेगळी ठेवतात. रंगासाठी निवड होत गेली आणि त्या रंगाच्या घराण्यात जो तापटपणा होता तो पाठीमागून निमूट चालत आला. आपण एका गुणावर नजर ठेवून निवड करतो, तेव्हा ज्यावर नजर नसते तेही निवडले जाते. पैदाशीच्या शास्त्रातील हे वाक्य पाटीवर लिहून ठेवण्याजोगे आहे.

कायदा करणाऱ्यांनाही जातीच्या नावाचा मोह आवरत नाही. इंग्लंडने १९९१ साली पिट बुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. लोक तेवढ्याने सुरक्षित झाले नाहीत. पुढे एक्सएल बुली नावाचा नवाच धिप्पाड प्रकार फैलावला, आणि २०२३ च्या अखेरीस व २०२४ च्या आरंभी त्याच्यावरही तेच निर्बंध घालावे लागले. हॉलंडने १९९३ साली पिट बुलवर बंदी घातली आणि चावे कमी होत नाहीत असे पाहून २००८ साली ती उठविण्याचे ठरविले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने मार्च २०२४ मध्ये २३ प्रकारांच्या कुत्र्यांवर बंदी घालण्यास राज्यांना लिहिले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केले. या कायद्यांमागील कळकळ आम्ही खोटी म्हणत नाही. ज्याच्या लेकराला इजा झाली त्याला शेकडेवारी ऐकविणे हा क्रूरपणा होईल. शिवाय धिप्पाड जबड्याचा एक चावा आणि चिमुकल्या पॉमेरियनचा एक चावा यांत जीवघेणे अंतर आहे, आणि म्हणून मोठ्या कुत्र्याची पैदास करणाऱ्यावर जबाबदारीही मोठी आहे. परंतु जातीचे नाव खोडले की जबाबदारी संपली, ही समजूत घातक आहे. बेजबाबदार माणूस नाव बदलून दुसऱ्या जातीकडे वळतो, एवढेच.

जबाबदार निवड कशी असते त्याचेही एक उदाहरण सांगतो. जर्मनीतील आपोल्डा गावी एकोणिसाव्या शतकात कार्ल फ्रिड्रिक लुईस डोबरमान नावाचा गृहस्थ होता. तो करवसुलीचे काम करी असे सांगतात. वसुलीला जाताना सोबतीला तिखट कुत्रे असावे, म्हणून त्याने तिखट कुत्र्यांचीच जोड जमविली. आज आपण डॉबरमन म्हणतो तो हाच. १८९४ साली तो वारला. त्याच्यामागून ओट्टो ग्योलर आदी मंडळींनी तीच जात हाती घेतली. आणि कुत्रा घरात, माणसांत वागावयाचा तर हा तिखटपणा उतरविला पाहिजे असे त्यांनी ओळखले. पुढच्या पैदासकारांनी शांत कुत्री निवडीत निवडीत तो पुष्कळ उतरविला. जात तीच, नाव तेच. निवडणाऱ्याचा हेतू बदलला आणि कुत्रे बदलले.

दुसरे उदाहरण स्वित्झर्लंडचे. तेथे व्हवे गावाजवळच्या डोंगरावर डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी १९२० नंतरच्या दशकात जर्मन शेफर्डची पैदास सुरू केली. तो काळ असा, की प्रदर्शनांतून रूपाला पदके मिळत आणि काम करण्याची बुद्धी मागे पडत चालली होती. बाईंनी आणि त्यांचे सहकारी एलियट हम्फ्री यांनी कागदावर रूप लिहिण्याऐवजी स्वभाव लिहावयास आरंभ केला. हे कुत्रे आवाजाला बिचकते का, अनोळखी स्पर्श सोसते का, शिकण्यास उत्सुक आहे का, असे एकेक टिपण, पिढीमागून पिढी. याच ठिकाणी १९२८ साली मॉरिस फ्रँक हा अंध अमेरिकन तरुण आला, आणि बडी नावाच्या कुत्रीच्या आधाराने मायदेशी एकटा हिंडूफिरू लागला. १९२९ साली अमेरिकेत अंधांसाठी कुत्रे तयार करणारी 'सीइंग आय' ही संस्था निघाली ती या कामातूनच. पोलिसी कुत्र्याच्या जातीतून अंधाची काठी निर्माण झाली! अशा कुत्र्याला आम्ही जातिवंत म्हणू.

आपल्याकडेही जातिवंत कुत्रे होते आणि आहेत. मुधोळचे शिकारी कुत्रे तेथील संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी जोपासले आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहालाही नजर केले. त्याच कुळीचे कारवानी कुत्रे महाराष्ट्राच्या दक्षिण व पूर्व भागांतील खेड्यांत धनगर आणि शेतकरी बाळगीत आले. २०२० साली कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेने मुधोळ, राजापालयम आणि चिप्पीपराई यांची रीतसर देशी जाती म्हणून नोंद केली. ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिच्यामागून एक धोकाही येतो. नाव झाले की मागणी वाढते, मागणी वाढली की जो नर दिसावयास देखणा त्याच्याकडेच सारे धावतात, आणि ज्या कुत्र्याने माळावर धावावयाचे ते दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात साखळीला बांधले जाते. वाऱ्याच्या वेगाने धावण्यासाठी घडलेला आणि परक्या हाताशी लगट न करणारा प्राणी तेथे चिडचिडा झाला, तर त्याला बोल लावता येणार नाही.

आता पैदास करणाऱ्यांना आमचे चार शब्द. पहिला असा की, जे कुत्रे विनाकारण माणसावर चालून जाते त्याची जोड जमवू नये, मग त्याच्या गळ्यात पदकांची माळ का असेना. दुसरा, भित्र्या कुत्रीलाही वगळावे. 'एकदा व्याली म्हणजे सुधारेल' हा आपल्याकडचा गोड गैरसमज आहे. ती सुधारत नाही; भित्रेपणा मात्र सहा-सात पिल्लांत वाटला जातो, कारण तो रक्तातून उतरतो आणि रोज आईचे बावरणे पाहूनही पिल्ले बावरतात. तिसरा, भावंडांची किंवा बापलेकींची जोड जमविली, तर एकाच पूर्वजाकडून दोन्ही बाजूंनी तोच अंश येण्याचा संभव शेकडा २५ होतो, सावत्र भावंडांत शेकडा साडेबारा. दडलेले दोष अशाच वेळी वर येतात. एका गाजलेल्या नराकडे साऱ्या गावाने धावणे हा त्याच चुकीचा सावकाश चालणारा प्रकार होय, कारण दोन-तीन पिढ्यांनी सारी कुत्री एकमेकांची नातलग होऊन बसतात. चौथा शब्द पिल्लांच्या बालपणाचा. ती परसातल्या पत्र्याच्या खोपटात नव्हे, तर माणसांच्या वावरात, भांड्यांच्या आवाजात, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आणि मुलांच्या हातांत वाढवावीत.

कायद्यानेही याची थोडी दखल घेतली आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पैदासकाराने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता कामा नये, आणि कुत्री अठरा महिन्यांची होण्यापूर्वी तिची जोड जमवू नये. तरी चार-पाच आठवड्यांची, धड डोळे भरून आईकडे न पाहिलेली पिल्ले टोपलीतून विकली जातात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. भावंडांशी खेळताना पिल्लू एक मोठी विद्या शिकते. आपण जोरात चावलो की दुसरे केकाटते आणि खेळ थांबतो, म्हणून दात किती लावावा याचे तारतम्य त्याला येते. ती शाळा मधेच सोडावयास लावलेले पिल्लू उद्या आपल्या मुलाच्या हातावर तो धडा गिरविते.

आणि ही टोपली भरते कोण? आपण. गिऱ्हाईक नसेल तर दुकान चालत नाही. पिल्लू घेण्यास जाल तेव्हा रंग, कान आणि किंमत यांच्याआधी पिल्लाची आई पाहावी. आई दाखविण्यास जो टाळाटाळ करील त्याच्या दारातून परत फिरावे. आई परक्या माणसाशी कशी वागते? तिच्या मागच्या वेतांतील पिल्ले कोणत्या घरी आहेत, त्यांना भेटता येईल का? बापाविषयी काय माहिती आहे? आणि शेवटचा प्रश्न, 'काही कारणाने मला हे सांभाळणे जमले नाही, तर तुम्ही परत घ्याल का?' जो पैदासकार उलट तुम्हालाच दहा प्रश्न विचारील, घरात माणसे किती, जागा किती, दिवसभर कुत्र्याजवळ कोण राहणार, त्याच्यावर विश्वास ठेवावा. ज्यांना ही यातायात नको, त्यांनी रस्त्यावरचे गावठी पिल्लू घरी आणावे. त्यात कमीपणा नाही. मात्र तेथेही नियम तेच. आई पाहता आली तर पाहावी, खिडकी उघडी आहे तोवर माणसांत वाढवावे, लस टोचावी आणि पुढची पैदास थांबविण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी.

कुत्रे घरी आल्यावरचे दोन शब्द आयाबायांसाठी आणि वडिलधाऱ्यांसाठी. लहान मूल आणि कुत्रे यांना एकटे सोडू नये, कुत्रे कितीही गरीब असो. मुले चावली जातात ती पुष्कळदा ओळखीच्याच कुत्र्याकडून, घरातच. कुत्रे गुरगुरले म्हणून त्याला मारू नये. गुरगुरणे ही त्याची विनंती आहे, 'आता पुरे' अशी. ती विनंती मारून बंद केली, की पुढच्या वेळी ते न गुरगुरता चावते, आणि मग आपण म्हणतो, 'अहो, काही कारण नसताना चावले!' आणि चावलेच, तर मिरचीपूड, चुना, हळद यांच्या नादी न लागता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर तो रोग टळतो. आपले स्वतःचे कुत्रे असले तरी हयगय करू नये.

जाता जाता एका धोक्याची सूचना. वंश, रक्त, निवड हे शब्द ऐकले की काही लोकांची बुद्धी कुत्र्यावरून थेट माणसावर उडी घेते. मराठीत तर दोहोंना 'जात' हा एकच शब्द आहे, त्यामुळे उडी अधिकच सोपी. पण कुत्र्याच्या जाती माणसाने हेतू धरून, आईबाप निवडून घडविल्या. माणसांच्या जाती अशा कोणी स्वभाव पारखून घडविलेल्या नाहीत. आणि जेथे शेकडो वर्षे निवड झाली त्या कुत्र्यांतसुद्धा जातीचे नाव एकेकाच्या स्वभावाविषयी इतके थोडे सांगते, तर ज्यांच्यात तसली निवडच झाली नाही त्या माणसांविषयी ते काय सांगणार? कुत्र्याचा अभ्यास नीट केला तर तो या भ्रमाला खतपाणी घालीत नाही, तो भ्रम उपटूनच टाकतो.

तेव्हा 'जातिवंत कोणाला म्हणावे' या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. ज्याच्या आईबापांचा स्वभाव पारखून निवड झाली, ज्याचे बालपण माणसांत गेले आणि ज्याच्यावर लेकराचा विश्वास टाकता येतो, ते कुत्रे जातिवंत. मग त्याला कागद असो वा नसो. कुत्रे आपला जोडीदार निवडत नाही, आपले घर निवडत नाही, आपल्या गळ्यातला पट्टाही निवडत नाही. त्याच्या आयुष्यातील सर्व निवडी माणूस करतो. म्हणून चावा कुत्र्याचा असला, तरी त्याचा जाब बहुधा माणसाला द्यावा लागतो; पिल्लू घ्यावयास निघालेल्याने तो जाब घरातून निघण्यापूर्वीच स्वतःला विचारावा.